वाचकांचे प्रश्न : लेफ्टनंट की जिल्हाधिकारी?

प्रश्न : माझा मुलगा सीडीएस (सैन्यदलांतील अधिकारी भरतीची परीक्षा) आणि नागरी सेवा अशा दोन्ही परीक्षांची तयारी करत आहे. सुरुवातीला पगार कुठे जास्त असतो? – एक पालक, सातारा

उत्तर : सातव्या वेतन आयोगानुसार लेफ्टनंट (लष्करी अधिकाऱ्याचा पहिला हुद्दा) आणि नवा आयएएस अधिकारी या दोघांचेही मूळ वेतन दरमहा 56,100 रुपयेच आहे, मात्र लेफ्टनंटच्या पगारपत्रकात त्याखालच्या ओळीत 15,500 रुपयांचे 'मिलिटरी सर्व्हिस पे' (लष्करी सेवेबद्दलचे जादा वेतन) वेगळे दिसते आणि महागाई भत्ता त्यावरही मिळत असल्याने पहिल्या महिन्यापासूनच लष्करी अधिकाऱ्याचे पारडे जड राहते. घरभाडे भत्ता मात्र केवळ मूळ वेतनावर मोजला जातो. 'मिलिटरी सर्व्हिस पे' ब्रिगेडियरपर्यंतच (कर्नलच्या वरचा हुद्दा) मिळते. पुढे चित्र पालटते. सचिवपदाचे 2,25,000 रुपये वेतन गाठणारे आयएएस अधिकारी अनेक असतात, तर लष्करात निवड कठोर असल्यामुळे बहुतेकांना कर्नलच्या आसपास थांबावे लागते व चोपन्नाव्या वर्षी निवृत्त व्हावे लागते. निवृत्तिवेतनाचा मुद्दा पालक सहसा विचारतच नाहीत : 2004 पासून लागू झालेल्या अंशदायी योजनेतून (जिच्यात कर्मचाऱ्याच्या पगारातूनही वाटा कापला जातो) सैन्यदलांना वगळलेले आहे, आयएएस अधिकाऱ्यांना नाही.