'प्रोसेस लेन्स'ला 'प्रक्रिया भिंग' म्हणू नये

प्रश्न आर्वीकडच्या एका वाचकाचा आहे. जिल्ह्याच्या गावचा एक जुना ऑफसेट छापखाना मोडीत निघाला. तिथल्या भंगारात त्यांना ३०० मिलिमीटरची, एफ ९ ची अपो-रोनार ही प्रोसेस लेन्स मिळाली. (एफचा आकडा जितका मोठा, तितकं छिद्र लहान आणि उजेड कमी.) ती त्यांनी चार बाय पाच इंची फिल्मच्या लाकडी कॅमेऱ्यावर बसवली. पुढे तिनंच डार्करूममध्ये फोटो मोठे करायचा विचार आहे, आणि या सगळ्या खटपटीवर मराठीत लेख लिहिणं चालू आहे. ते विचारतात : "'प्रोसेस लेन्स'ला 'प्रक्रिया भिंग' लिहू का? आणि छापखान्याची लेन्स कॅमेऱ्याला लावण्याला 'पुनर्वापर' म्हणावं का?"

'प्रक्रिया भिंग' लिहू नका. वरूड-मोर्शीकडे 'प्रक्रिया' म्हटलं की संत्र्याचा रस डोळ्यांपुढे येतो, आपल्याकडे सरकी आणि तेल. 'प्रक्रिया भिंग' वाचून छापखाना कोणालाच आठवणार नाही. आणि मुळात या 'प्रोसेस'चा अर्थ नुसती प्रक्रिया असा नाहीच. कॅमेऱ्याच्या मदतीनं छपाईचा ठसा तयार करण्याची जी रीत निघाली, तिचं लांबलचक नाव धंद्यातल्या लोकांनी तोडून 'प्रोसेस' एवढंच ठेवलं. म्हणजे हे एका कसबाचं नाव आहे. १८८२ साली जर्मनीत माइझेनबाखनं जाळीतून फोटोचे ठिपके पाडण्याचं पेटंट घेतलं, तिथून या कसबाला जोर आला. आपल्या देशात कोलकात्याच्या उपेंद्रकिशोर राय यांनी त्यावर इतकं बारीक काम केलं, की विलायतेतल्या 'पेनरोज' या छपाईच्या वार्षिकात त्यांचे लेख छापले गेले.

आमच्या तालुक्याच्या छापखान्यात खिळे जुळवणारे जुळारी होते, ट्रेडल होतं, पण फोटो छापायचा तर तो नागपूरला पाठवावा लागे. तिकडून लाकडावर ठोकलेला जस्ताचा ब्लॉक यष्टीनं यायचा. वडील रोज विचारायचे, "प्रोसेसवाल्याचं पार्सल आलं काय?" त्या 'प्रोसेसवाल्या'च्या जागी 'प्रक्रियावाला' घालून पाहा. शब्द बसत नाही, कारण तो कोणी कधी बोललेलाच नाही. तुमच्या लेखात 'प्रोसेस लेन्स' असंच राहू द्या. पहिल्यांदा येईल तिथं 'छपाईचे ब्लॉक-प्लेटा करायच्या कॅमेऱ्याची लेन्स' एवढं जोडा, पुरे.

आता 'भिंग'. हा शब्द मला फार जवळचा आहे आणि शाळेच्या पुस्तकातलं 'बहिर्वक्र भिंग' कोणी हलवू नये. पण भिंग म्हणजे काचेचा एक तुकडा. तुमच्या अपो-रोनारच्या नळीत चार काचा आहेत, मधल्या छिद्राच्या पुढे दोन आणि मागे दोन, एकमेकींची आरशातली प्रतिमा असल्यासारख्या. त्या प्रत्येकीला भिंग म्हणा आणि सगळ्या मिळून होते तिला लेन्स. मराठीनं 'लेन्स' स्त्रीलिंगी करून केव्हाच घरात घेतली आहे. (मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ मसूर. मसुराचा दाणा आडवा धरून पाहिला की कारण कळतं.) एका प्रोसेसवाल्याकडच्या म्हाताऱ्या कॅमेरामनचा शब्द मात्र याहून गोड होता. ते लेन्सला 'डोया', म्हणजे डोळा, म्हणत. "हा डोया मंद हाय बापू, पण खोटं नाही सांगत."

त्या एका वाक्यात प्रोसेस लेन्सचं सगळं शास्त्र आलं. समोर सपाट कागद, मागे सपाट फिल्म, आणि चित्र बहुधा होतं तेवढंच किंवा थोडं लहानमोठं. म्हणून तिला कोपऱ्यापर्यंत सारखं रेखीव दिसावं लागे. रंगीत छपाईसाठी लाल, हिरव्या, निळ्या काचेतून वेगवेगळ्या निगेटिव्ह काढायच्या. त्या केसभरानंही लहानमोठ्या झाल्या तर छापताना रंग एकमेकांवर बसत नाहीत. नावातलं 'अपो' तिथलं आहे. ग्रीकमध्ये 'अपो' म्हणजे दूर, 'क्रोमा' म्हणजे रंग. जर्मन शास्त्रज्ञ आबे यांनी १८८६ मध्ये सूक्ष्मदर्शकासाठी केलेल्या रंगदोष घालवणाऱ्या लेन्सांपासून 'अपोक्रोमॅटिक' हे नाव रूढ झालं. उजेडाची घाई नव्हती, झगझगीत दिवे होते, म्हणून एफ ९ चाललं. शटरचीही गरज नव्हती.

'पुनर्वापर' मला इथं पटत नाही. रिकाम्या बाटलीत पुन्हा पाणी भरलं तर तो पुनर्वापर. वस्तूचं काम तेच राहतं. तुमच्या लेन्सचं कामच बदललं आहे. आपल्याकडे जुन्या लुगड्याची वाकय (गोधडी) करतात, तुराट्या कुडाला लावतात. त्याला कोणी पुनर्वापर म्हणत नाही. 'कामी लावलं' म्हणतात. 'छापखान्याची लेन्स कॅमेऱ्याच्या कामी लावली' यात जुनं काम, नवं काम आणि लावणाऱ्याचा हात, तिन्ही दिसतात.

कामी लावताना काय बदलावं लागलं तेही याच भाषेत लिहा. होतं तेवढंच चित्र घ्यायला या लेन्सला कॅमेऱ्याचा भाता, म्हणजे लेन्स आणि फिल्ममधली घड्यांची पेटी, ६०० मिलिमीटर ताणावा लागे, गाविलगडाचा बुरूज दुरून घ्यायला ३०० च्या आसपास पुरतो. दूरचं काम हे तिचं मूळ काम नव्हे, म्हणून एफ २२ पर्यंत छिद्र लहान केलेलं बरं. चार बाय पाचची फिल्म ती सहज झाकते. शटर नसल्यामुळे टोपी काढायची आणि परत लावायची, आणि हातानं सेकंदाच्या खाली नीट जमत नाही. आपल्याकडच्या उन्हात १०० आयएसओची फिल्म एफ २२ ला सेकंदाचा पन्नासावा भागच मागते; तेव्हा संध्याकाळ धरा, नाहीतर फिल्मऐवजी फोटोचा कागद घाला, तो पुष्कळ मंद असतो. नळीवर आडवी फट असेल तर ती भोकाच्या पट्ट्या सरकवायची. तिच्यावर काळी चिकटपट्टी लावा, नाहीतर उजेड तिथून आत शिरतो.

राहिला 'एन्लार्जिंग'चा शब्द. पाठ्यपुस्तकात 'विशालन' आहे आणि भौतिकशास्त्रात ते योग्यच आहे. पण आपल्या गावांत गेलेल्या माणसाचा पासपोर्ट फोटो घेऊन लोक स्टुडिओत येतात आणि म्हणतात, "आबाचा फोटो मोठा करून द्या." तुम्हीही 'मोठा करणे' लिहा, आणि त्याबरोबर अडचणही सांगा. चार बाय पाचची निगेटिव्ह लांबीरुंदीला चौपट करायची तर ही लेन्स कागदापासून दीड मीटरवर ठेवावी लागेल, नेहमीची १५० मिलिमीटरची पाऊण मीटरवर. शिवाय एफ ५.६ च्या मानानं उजेड सुमारे अडीच पटीनं कमी, त्यामुळे फोकस दिसायलाच कष्ट. उभ्या एन्लार्जरच्या खांबाला हे झेपणार नाही. यंत्र आडवं करून चित्र समोरच्या भिंतीवर पाडा आणि कागद तिथंच लावा. आमच्याकडे डार्करूमला 'कायी खोली' म्हणत. ती मात्र लांबीला तीन मीटर तरी हवी.