राष्ट्रीय स्पर्धेला निघण्यापूर्वी

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

महिला राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धेसाठी सिसिलियन या ओपनिंगच्या (डावाच्या सुरुवातीच्या) आणखी दोन शाखा पाठ करते आहेस, असं कळलं. ती वही आता मीट. उरलेले दिवस हत्ती-प्याद्यांच्या एंडगेमला, म्हणजे डावाच्या शेवटच्या टप्प्याला दे.

तुझ्याहून ३०० रेटिंग गुणांनी वरचढ खेळाडू तुला ओपनिंगमध्ये क्वचितच हरवते. चाली तपासणारं संगणकाचं इंजिन दोघींकडे तेच आहे. ती डाव बरोबरीच्या, कंटाळवाण्या स्थितीत नेते आणि चौथ्या तासाला, तुझ्याकडे चालीमागे मिळणारे ३० सेकंदच उरले की छळायला लागते. २०२५च्या महिला विश्वचषकाची अंतिम लढत आठव. दिव्या देशमुख आणि कोनेरू हंपी यांचे दोन्ही क्लासिकल (लांब वेळेचे) डाव बरोबरीत सुटले, निकाल लागला तो रॅपिडमध्ये, कमी वेळेच्या डावांत.

समज, तिच्याकडे हत्ती आणि एक प्यादं, तुझ्याकडे नुसता हत्ती. तुझा काळा राजा प्याद्याच्या वाटेत उभा. हत्ती (पांढऱ्याकडून मोजून) सहाव्या रांगेत ठेव, म्हणजे पांढऱ्या राजाला पुढे सरकता येत नाही. प्यादं सहाव्या रांगेत आलं की तिच्या राजाचा आडोसा गेला. तेव्हाच हत्ती पहिल्या रांगेत ने आणि मागून शह देत राहा. ही फिलिडोर या जुन्या फ्रेंच खेळाडूची पद्धत सगळ्यांना तोंडपाठ असते, पण थकल्यावर वाट बघवत नाही आणि हत्ती उगाच हलतो. तो आठव्या रांगेत राजाशेजारी कोंडलास, तर मधल्या प्याद्यापुढे डाव गेलाच समज. रोज कोणाला तरी समोर बसवून, घड्याळ लावून हे खेळ.

तीच स्थिती तिसऱ्यांदा येणार असेल आणि बरोबरी मागायची असेल, तर चाल पटावर करू नकोस. स्कोअरशीटवर लिही, घड्याळ थांबव, पंचांना बोलाव. चालीसाठी मोहऱ्याला हात लावलास की त्या वेळचा हक्क गेला. म्हणूनच शेवटच्या मिनिटालाही चाली नीट लिहायच्या (तसा नियमच आहे म्हणा).

आणि मोठ्या नावाच्या खेळाडूनं बरोबरी देऊ केली, तर हरखून जाऊ नकोस. अशा खेळाडू अर्धा गुण सहसा फुकट देत नाहीत. आधी पट बघ, मग तिचं घड्याळ. उत्तर द्यायला तुझी स्वतःची वेळ आहे, ती वापर.

पहिल्या फेरीचा डाव इंजिनला दाखवण्याआधी मला पाठव. कुठे किती वेळ घालवलास, तेही चालींशेजारी लिही.

तुझी,
ताई