फ्लाइंग स्कूलमध्ये इन्स्ट्रक्टर म्हणतो आज फ्लाइट नको आणि मॅनेजमेंट म्हणतं जा, तर शेवटी कोणाचं चालतं?

इन्स्ट्रक्टरचं. ड्युअल फ्लाइटला (विद्यार्थी आणि इन्स्ट्रक्टर दोघेही विमानात असतात ती) पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी असलेला पायलट, साधारणपणे तोच असतो आणि आयसीएओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना) अनेक्स 2, म्हणजे उड्डाणाच्या नियमांमध्ये स्पष्ट आहे की कमांडमध्ये असताना विमानाबद्दलचा अंतिम निर्णय पायलट-इन-कमांडचाच, मग मालक शेड्यूल दाखवून कितीही ओरडू दे. हवामान किंवा थकवा असेल तर सरळ नाही म्हणायचं. स्नॅग, म्हणजे विमानात तांत्रिक बिघाड असेल तर मात्र ऑफिसात तोंडी वाद घालत बसू नका, टेक लॉगमध्ये (विमानाच्या बिघाड-दुरुस्तीची नोंदवही) लिहा, कारण एकदा एंट्री पडली की इंजिनिअरने ती क्लोज केल्याशिवाय किंवा नियमात बसवून पुढे ढकलल्याशिवाय विमान उड्डाणासाठी सोडता येत नाही, आणि खरं सांगायचं तर बरेच वाद याच एंट्रीवरून होतात ("लँड झाल्यावर लिही ना" वगैरे). सोबत सेफ्टी रिपोर्टही टाका, आयसीएओच्याच अनेक्स 19 (सुरक्षा व्यवस्थापन) प्रमाणे मान्यताप्राप्त ट्रेनिंग स्कूललाही सेफ्टी मॅनेजमेंट सिस्टीम ठेवावी लागते.

फक्त एक लक्षात घ्या, हा अधिकार त्या फ्लाइटपुरता आहे. नकार दिल्यावर पुढच्या महिन्यात तुमचे तास कमी केले तर त्यासाठी त्या देशाचे कामगार कायदे बघावे लागतात, अनेक्स 2 तिथे कामाला येत नाही.