ईकोत सामान मावत नाही? कपाटं करण्याआधी तीन दारांचा विचार करा

तुमचं सविस्तर वर्णन वाचलं. मारुतीची पाच सीटची ईको व्हॅन, मधली सीट काढून पलंग करायचा विचार, तुम्ही दोघं, आणि अलिबागपासून किनाऱ्याकिनाऱ्याने गणपतीपुळ्यापर्यंत आठवडाभराचा बेत. अडचण अशी की रात्री गादी अंथरायची म्हणजे मागचं सगळं सामान पुढच्या सीटवर टाकायचं, आणि सकाळी चहा करायचा म्हणजे तेच सगळं पुन्हा मागे आणायचं. यावर सुताराने दोन्ही बाजूंना १८ मिमी प्लायची कपाटं, वर माळा आणि टपावर कॅरियर असा उपाय सांगितलाय. माझं मत स्पष्ट आहे: सुताराला थांबवा.

तुमचा सुतार चांगलाच असेल, पण तो घरातल्या किचनच्या हिशोबाने विचार करतोय. दोन माणसांच्या आठवड्याच्या सामानाला ईकोत जागा पुरते. खरा त्रास हा की एक वस्तू काढायला चार वस्तू हलवाव्या लागतात, आणि कपाटं वाढवून तो कमी होत नाही. म्हणून सामान कुठे बसेल हे ठरवण्याआधी ते कधी लागेल आणि कुठल्या दारातून हात पोचेल हे ठरवा. घरात आपण भांडी एकीकडे, कपडे एकीकडे, औषधं एकीकडे असं लावतो. गाडीत तसं लावलं की प्रत्येक कामाला चार ठिकाणं उघडावी लागतात.

आधी मापं बघू. ईको बाहेरून ३६७५ मिमी लांब, १४७५ मिमी रुंद आणि १८२५ मिमी उंच आहे. आत रुंदी हाती येते ती साधारण चार-सव्वाचार फूट, आणि मागच्या चाकांच्या कमानींपाशी त्याहूनही कमी. दोन्ही बाजूंना दहा-दहा इंचांची कपाटं केलीत तर वीस इंच गेले, आणि तुम्हा दोघांना झोपायला उरले जेमतेम अडीच फूट. शिवाय ईकोचं सगळ्यात मोठं सुख म्हणजे दोन्ही बाजूंची सरकती दारं. बाजूला कपाट उभं केलं की ती दारं तुम्ही स्वतःच्या हाताने बंद करून टाकलीत.

तीच दारं वापरा. पलंगाखालची जागा म्हणजे एक मोठी पेटी असं धरलं तर मधोमध ठेवलेल्या वस्तूपर्यंत हात कधीच पोचत नाही. पण तिचे तीन भाग केले, एक मागच्या दारातून उघडणारा, एक डाव्या आणि एक उजव्या दारातून, तर गादीला हात न लावता जवळपास सगळं बाहेर काढता येतं. उरतो तो मधला आंधळा कोपरा. तिथे प्रवासभर लागणार नाही तेच ठेवा: जादा पांघरूण, परतीच्या दिवसाचे कपडे.

मागचा भाग पूर्ण स्वयंपाकाला द्या. ईकोचं मागचं दार वर उघडतं, म्हणजे ऊन आणि रिमझिम पाऊस अडवणारं छप्पर आयतं मिळतं. त्याखाली उभं राहून स्वयंपाक होतो, आणि धूर, वाफ, फोडणीचा वास गादीत शिरत नाही. चहाची पावडर, साखर, गाळणं, दोन कप, लायटर, छोटं पातेलं हे सगळं एकाच क्रेटमध्ये आणि अगदी दाराशी असू द्या. सकाळच्या चहासाठी दुसरा कुठलाही क्रेट हलवावा लागला तर मांडणी चुकली असं समजा. जेवणाचा क्रेट त्याच्या शेजारी. कुकर रिकामा नेऊ नका. त्याच्या डब्यांत डाळ-तांदूळ भरून ते डबे कुकरमध्येच बसवा, पातेली एकात एक घाला, आणि प्रत्येक दोन भांड्यांमध्ये एक नॅपकिन ठेवा. तो नॅपकिन नसेल तर घाटात दर वळणावर स्टीलचा खणखणाट ऐकत बसावं लागतं.

डावं आणि उजवं दार मात्र सारखं धरू नका. आपण डावीकडून गाडी चालवतो, त्यामुळे रस्त्याकडेला थांबल्यावर डावं दार मोकळ्या बाजूला उघडतं आणि उजवं वाहत्या रहदारीत. म्हणून वाटेत लागणारं सगळं डावीकडे: पाण्याच्या बाटल्या, खाऊचा डबा, छत्र्या, चपला, टॉवेल. उजवीकडे फक्त मुक्कामी पोचल्यावर लागणारं: घडीच्या खुर्च्या, ताडपत्री, दोऱ्या, कपड्यांच्या पिशव्या. जॅक, पाना आणि स्टेपनी काढताना मात्र पलंग उचकटावा लागता कामा नये. पंक्चर भर पावसात, रात्री आठ वाजता होईल असं धरूनच त्यांची जागा ठरवा.

पुढच्या सीटखाली सामान कोंबायचा मोह होईल, तो टाळा. ईकोचं इंजिन तिथेच आहे आणि त्या भागाला चांगलीच धग लागते. तूप, औषधं, चॉकलेट, पॉवर बँक यातलं काहीही त्याच्या आसपास नको. पुढच्या सीटच्या पाठींना मागून कप्पे असलेली कापडी पिशवी अडकवा. झोपल्याजागी लागणाऱ्या वस्तू, म्हणजे टॉर्च, चष्मा, गोळ्या, पाण्याची बाटली, डासांचं मलम, तिथे राहू द्या. अशी मांडणी जमली की रात्री पुढच्या सीटवर जाणार ती फक्त दोघांची दिवसभराची एकेक पिशवी.

पलंगाची उंची बहुतेक जण आधी ठरवतात आणि मग त्यात बसणारे डबे शोधत बाजार पालथा घालतात. उलट करा. भाजी-फळांच्या व्यापारात चालणारे ६०० × ४०० मिमी तळाचे प्लास्टिक क्रेट वेगवेगळ्या उंचींचे मिळतात. त्यांची लांब बाजू आडवी धरली तर दोन, आखूड बाजू धरली तर तीन क्रेट मिळून १२०० मिमी होतात, म्हणजे ईकोच्या आतल्या रुंदीच्या अगदी जवळ. चाकांच्या कमानींपाशी ते बसतात का हे टेपने मोजूनच घ्या. क्रेटची उंची साधारण २२० मिमी धरली, त्यावर आत-बाहेर सरकायला दोन बोटं मोकळी सोडली आणि १२ मिमीची फळी टाकली, की पलंगाची उंची जवळपास दहा इंच होते. आता त्या उंचीवर बसून बघा. बसलेल्या माणसाला फळीपासून डोक्यापर्यंत साधारण तीन फूट लागतात, वर गादीची जाडी. तुमच्यापैकी जास्त उंच जो असेल त्याने ताठ बसून डोकं छताला लागत नाही याची खात्री करावी. पाठ वाकवून बसावं लागत असेल तर पलंगाखाली कितीही सामान मावलं तरी पावसाच्या संध्याकाळी त्या गाडीत बसवत नाही.

क्रेट घेतले की ड्रॉवर, चॅनेल, बिजागऱ्या, दारं हा सगळा खर्च आणि वजन वाचतं. क्रेट मुक्कामाला बाहेर काढता येतो, धुता येतो, उलटा घातला की स्टूल होतो. एकच ड्रॉवर करायचा हट्ट असेल तर मागच्या दारात स्वयंपाकाचा करा, बाकी नकोत.

वजनाचं थोडं सविस्तर लिहितो, कारण सुताराच्या योजनेतला खरा धोका तिथे आहे. आठ बाय चारच्या १८ मिमी प्लायचं वजन ३० ते ३५ किलो भरतं. कपाटं, माळा आणि पलंग मिळून तीन शीट लागल्या तर सामान भरायच्या आधीच शंभरेक किलो झाले. १२ मिमीची शीट २०-२३ किलोंची असते आणि खाली अडीच-तीन फुटांवर आधार असेल तर दोन माणसांना सहज पेलते. खोक्यांच्या बाजूंना ९ मिमी भरपूर झाली. कोकणात जायचंय, तर प्लाय बीडब्ल्यूपी ग्रेडचीच, म्हणजे उकळत्या पाण्यातही न सुटणारी घ्या, आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का बघून, आणि कापलेल्या कडा पॉलिश किंवा रंगाने बंद करा. बिजागऱ्या, स्क्रू, कड्या स्टेनलेस किंवा पितळी. खाऱ्या हवेत साधं लोखंड एका मोसमात गंजतं.

जड ते खाली आणि मागच्या आसाच्या पुढे, हा नियम मोडू नका. २० लिटरचा पाण्याचा जार म्हणजे २० किलो. तो मागच्या दाराशी सोयीचा वाटतो, पण तिथे ठेवला की गाडीचं नाक हलकं होतं आणि उतारावर स्टिअरिंग सैल जाणवतं. त्याऐवजी दहा-दहा लिटरचे दोन कॅन घ्या आणि डाव्या-उजव्या दाराशी एकेक ठेवा. तोल सांभाळला जातो, आणि भरलेला कॅन उचलताना कंबरही धरत नाही. माळ्याला माझा विरोध याच कारणाने आहे. ईको अरुंद आणि उंच गाडी आहे, आणि छतालगत चढवलेला प्रत्येक किलो ताम्हिणी किंवा वरंध्याच्या वळणावर बाहेर ओढतो. छताला हवी तर जाळी लावा. टोप्या, टॉवेल, रिकाम्या पिशव्या, एवढंच तिच्यात. टपावरच्या कॅरियरलाही तोच नियम: चटया किंवा ताडपत्री चालेल, पाण्याचे कॅन आणि सिलिंडर कदापि नाही. तुमच्या सामानाला कॅरियर लागेल असं मला वाटत नाही.

तुमच्या मार्गावर फेरी बोटी आहेत: आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. या बोटींवर (इकडे त्यांना जंगलजेट्टी म्हणतात) गाडी चढवताना-उतरवताना फळीचा उतार बऱ्यापैकी असतो, आणि मोकळे क्रेट सरळ मागच्या दारावर येऊन आदळतात. दार उघडलं की चहाचं सामान जेटीवर. म्हणून प्रत्येक रांगेपुढे एक इंचाची पट्टी किंवा आडवा पट्टा हवाच. जड क्रेटना रॅचेटचा, म्हणजे खटक्याने आवळून घट्ट बसणारा पट्टा लावा, बंजी दोरी फक्त हलक्या सामानाला. मधली सीट काढलीत की तिचे पक्के बोल्ट पॉइंट मोकळे होतात, पट्ट्याचे हुक त्यांनाच अडकवा. ताशी ६० किलोमीटरच्या वेगात कचकन ब्रेक मारला तर मागचा सुटा कुकर तुमच्या डोक्याच्या दिशेनेच येतो. याबाबतीत चालढकल करू नका, मी हात जोडून सांगतो.

गॅसचंही तसंच. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, आणि पलंगाखालची बंद पेटी म्हणजे साचायला उत्तम जागा. सिलिंडर तिथे ठेवू नका. आठवड्यापुरत्या दोघांच्या स्वयंपाकाला ब्युटेनच्या डब्यांवर चालणारी छोटी शेगडी पुरते. ते डबे ५० अंशांपेक्षा जास्त तापू देऊ नका असं त्यांच्यावरच छापलेलं असतं, आणि मे महिन्यात उन्हात बंद उभी असलेली गाडी आतून तिथवर सहज जाते. गाडी उन्हात सोडून समुद्रावर जाणार असाल तर डबे गाडीत ठेवू नका, बाहेर काढून सावलीत ठेवा.

ओल्या सामानाची जागा कुणी मोजत नाही आणि किनाऱ्यावर तीच सगळ्यात आधी लागते. एक जाळीदार क्रेट फक्त ओल्या कपड्यांसाठी आणि वाळूच्या चपलांसाठी राखा, त्याखाली पसरट ट्रे. पलंगाच्या फळीला जागोजागी भोकं पाडून घ्या किंवा फळीऐवजी पट्ट्या ठोका. दोन माणसांच्या श्वासाची वाफ गादीखाली साचते, आणि चार दिवसांत बुरशी धरते.

कपडे सुटकेसमध्ये नकोतच. मऊ पिशव्या कमानींच्या वरच्या वाकड्यातिकड्या जागेत बसतात, सुटकेस बसत नाही. पांघरुणं उशीच्या अभ्र्यांत भरा, दिवसा त्याच टेकायला उशा. फ्रिजच्या फंदात या खेपेला पडू नका.

सीट काढण्याबद्दल एक गोष्ट आधी तपासा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि आसनसंख्या त्या तपशिलात असते. तुमच्या आरटीओत विचारूनच हात घाला. पलंग मात्र कुठल्याही परिस्थितीत सुटा ठेवा, बॉडीला एकही भोक न पाडता, जेणेकरून अर्ध्या तासात तो बाहेर काढून गाडी मूळ रूपात आणता येईल.

प्लाय कापायच्या आधी पार्किंगमध्ये खडूने गाडीची आतली आखणी करा, कमानी, दारं सगळं. त्यात खोकी मांडा, खरं सामान भरा, आणि एक पूर्ण दिवस तोंडी जगून बघा: उठलो, चहा, अंघोळ, निघालो, वाटेत थांबलो, पाऊस आला, रात्र झाली. जिथे जिथे दोन वस्तू हलवाव्या लागतील तिथे मांडणी बदला. मग गाडी भरून, तुम्ही दोघं बसून, एखाद्या वजनकाट्यावर नेऊन या. भरलेल्या गाडीची वजनमर्यादा मालकाच्या पुस्तिकेत असते. काट्याचा आकडा तिच्या बराच खाली असायला हवा, आणि टायरमधली हवा भरल्या गाडीच्या हिशोबाने.

जाताना एक क्रेट पूर्ण रिकामा न्या. परत येताना आमसुलं, काजू, फणसपोळी येणारच, आणि मे असेल तर आंब्याची पेटीही. ती पेटी कुठे बसेल हे निघायच्या आधीच ठरवून ठेवा. पुढच्या सीटच्या पाठीपासून मागच्या दारापर्यंतचं अंतर, कमानींमधली रुंदी आणि जमिनीपासून छतापर्यंतची आतली उंची, ही तीन मापं इथे टाका. क्रेटची मांडणी मी आखून देतो.