मालवणला स्नॉर्केलिंग करताना काळ्या पट्ट्यांच्या एका माशाने बोटाला चावा घेतला. हा कोणता मासा? विषारी असतो का?

विषारी नाही, निर्धास्त राहा. तुम्ही बहुतेक त्याच्या गाबोळीपाशी हात नेला असणार.

उभे काळे पाच पट्टे, पाठीवर पिवळी झाक, पोट रुपेरी, लांबी जेमतेम वीतभर: हा सार्जंट मेजर, शास्त्रीय नाव अबुडेफडफ वैगिएन्सिस. तांबड्या समुद्रापासून जपानपर्यंत आढळतो. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडपांत याचाच भाऊबंद बंगाल सार्जंटही दिसतो. त्याचे पट्टे अरुंद आणि सहा-सात. पण पाण्यात पट्टे मोजत बसायची सोय नसते, मोजेपर्यंत स्वारी पसार.

एरवी हे मासे थव्याने फिरतात, पाण्यातले बारीक जीव आणि खडकावरचं शेवाळ खातात. अंगाभोवती गर्दी करतात ती पावाच्या आशेने, कारण काही गाइड तो चुरून टाकतात. चावणारा मात्र गर्दीत नसतो. तो एकटाच एका खडकासमोर येरझाऱ्या घालत असतो, आणि तो नर असतो. खडकाचा तुकडा आधी तोंडाने घासून लख्ख करायचा, मादीने तिथे अंडी चिकटवली की पुढचं सगळं त्याच्याकडे. या दिवसांत त्याचा रंगही निळसर पडतो. नीट बघितलंत तर त्याच्यामागे खडकावर तळहाताएवढा जांभळट डाग दिसेल. ती अंडी. परांनी त्यांवर पाणी खेळवायचं, मेलेली अंडी वेचून काढायची, जवळ येईल त्याच्या अंगावर धावून जायचं, मग तो माणूस का असेना. त्याला थोडा वेळ जरी हुसकावलं तरी टपून बसलेले इतर मासे अंड्यांचा फडशा पाडतात. म्हणून असा एकांडा दिसला की सरळ मागे व्हा, फोटोसाठी अडून राहू नका.

पिल्लं बाहेर पडली की बापाचं काम संपलं. ती प्रवाहाबरोबर वाहत जातात. थोडी मोठी झालेली तरंगत्या शेवाळाखाली, कधी तुटक्या जाळ्याखालीही सापडतात.

बोट गोड्या पाण्याने धुतलंत की पुरे. पण पट्टे आडवे असतील, तोंडाला मिशा आणि शेपटी वामासारखी निमुळती असेल, तर तो पट्टेरी ईल-कॅटफिश. तो चावत नाही, त्याचा काटा लागतो आणि त्यात खरंच विष असतं. तसं झालं असेल तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात बोट बुडवून ठेवा आणि डॉक्टरांकडे जा.