जुन्या स्लिम ऑफिस पीसीसाठी जीटीएक्स १६५० घ्यावं की आरएक्स ६४००?

तुमचं मशीन तुम्ही नीट सांगितलंय, त्यामुळे उत्तर देणं सोपं झालं: आय५-६५०० प्रोसेसर, ८ जीबी रॅमची एकच पट्टी, २४० वॅटचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) आणि ग्राफिक्स कार्डासाठी वेगळी पॉवर केबल नाही. १०८०पीवर गेम खेळायचे आणि अधूनमधून रेकॉर्डिंग करायचं. कागदावर एएमडीचं आरएक्स ६४०० हे ग्राफिक्स कार्ड नवं आणि ताकदीचं दिसत असताना लोक एनव्हिडियाचं जीटीएक्स १६५० का सुचवतात, हा तुमचा प्रश्न.

तुमच्या कॅबिनेटमध्ये बसत असेल तर जीटीएक्स १६५०च घ्या. मी ही दोन्ही कार्डं इंटेलच्या सहाव्या पिढीच्या अशाच एका ऑफिस पीसीत आलटून पालटून वापरली आहेत, म्हणून ठामपणे सांगतोय.

आधी कागदावरचं बघू. १६५० एप्रिल २०१९ मध्ये आलं: ८९६ कोर, ४ जीबी जीडीडीआर५ मेमरी, १२८ बिटचा बस (मेमरीकडे जाणारा रस्ता). ६४०० आलं २०२२ मध्ये: ७६८ कोर, ४ जीबी जीडीडीआर६, ६४ बिटचा बस. दोन कंपन्यांच्या कोरची संख्या एकमेकांशी लावून बघू नका, त्यातून काही कळत नाही. ६४००चे कोर कमी असले तरी त्याचं क्लॉक २३०० मेगाहर्ट्झच्या पुढे जातं आणि १६५०चं बूस्ट क्लॉक १६६५ आहे. म्हणून नुसत्या गणिती ताकदीत ६४०० साधारण ३.५ टेराफ्लॉप्स (सेकंदाला तितके लाख कोटी हिशेब) भरतं, तर १६५० जेमतेम ३. मेमरीची गंमत अशी की ६४००चा रस्ता अर्धा रुंद, पण त्यावरची गाडी दुप्पट वेगाची. हिशेब केला तर दोघांची बँडविड्थ, म्हणजे मेमरीतून डेटा वाहण्याचा वेग, सेकंदाला १२८ जीबीच येते. वर ६४००ला १६ एमबीचा इन्फिनिटी कॅश, म्हणजे चिपमधलीच छोटी वेगवान मेमरी, आहे. इथपर्यंत ६४००च पुढे आहे, तुमचं काही चुकलेलं नाही.

खरी मेख आहे ती कार्ड मदरबोर्डला जोडलं जातं तिथे. ६४००चा कनेक्टर सहसा दिसायला पूर्ण लांबीचा असतो, पण त्यात पीसीआयईच्या (कार्ड आणि प्रोसेसर यांना जोडणाऱ्या मार्गाच्या) चारच लेन, म्हणजे डेटाच्या मार्गिका, जोडलेल्या असतात. १६५०ला सोळा मिळतात. चौथ्या पिढीच्या पीसीआयईवर चार लेन म्हणजे सेकंदाला साधारण ८ जीबी, आणि तेवढ्यावर निभतं. तुमचा आय५-६५०० मात्र तिसऱ्या पिढीचा पीसीआयई देतो. तिथे त्याच चार लेनमधून ४ जीबीच जातात, तर १६५०ला त्याच स्लॉटमध्ये जवळपास १६ मिळतात.

गेमचा सगळा डेटा कार्डाच्या ४ जीबीत मावतो तोवर हा फरक फारसा जाणवत नाही. आजचे बरेच गेम ४ जीबीत मावत नाहीत, तिथेच सगळं बिघडतं. न मावलेलं टेक्श्चर (गेममधल्या वस्तूंवर चढवलेली चित्रं) रॅममध्ये जाऊन बसतं आणि लागेल तेव्हा त्या चार लेनमधून ओढून आणावं लागतं. स्वतःच्या मेमरीतून १२८च्या वेगाने वाचणारं कार्ड अचानक ४च्या वेगावर येतं. मला हे एका ओपन वर्ल्ड गेममध्ये दिसलं. टेक्श्चर ‘हाय’वर ठेवून सरळ रस्त्याने धावताना ६४०० मस्त चालत होतं, पण माउस झटकन मागे वळवला की चित्र क्षणभर थिजायचं, मग दोन-तीन फ्रेम एकदम उडी मारायच्या. कोपऱ्यातला एफपीएसचा (सेकंदाला किती फ्रेम) सरासरी आकडा मात्र चांगलाच दिसत होता. टेक्श्चर ‘मीडियम’वर आणलं आणि ते थिजणं गेलं. त्याच जागी १६५० ‘हाय’वरही जरा अडखळलं, पण खेळ तुटला नाही. म्हणून व्हिडिओंमधले सरासरी एफपीएस बघताना टेस्टचा मदरबोर्ड कोणता होता ते आधी बघा. नव्या बोर्डवर ही दोन कार्डं जवळपास बरोबरीने चालतात, जुन्यावर ६४०० मागे पडतं.

(कधी पुढे मशीन बदललंत तर एक लक्षात ठेवा: बोर्ड चौथ्या पिढीच्या पीसीआयईचा असून भागत नाही, प्रोसेसरही तसाच लागतो. रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर बी५५० या तशा बोर्डवर बसवला तरी कार्डाला तिसरीच पिढी देतो.)

रेकॉर्डिंगचा मुद्दा माझ्या दृष्टीने तितकाच मोठा आहे. ६४००मध्ये व्हिडिओ एन्कोडरच, म्हणजे रेकॉर्ड होणारा व्हिडिओ दाबून छोटा करणारा भागच, नाही. ही चिप मुळात लॅपटॉपसाठी आखलेली, तिथे हे काम शेजारचा प्रोसेसर करतो. तुमच्याकडे मग ओबीएस हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर सगळा भार चार कोरच्या आय५वर टाकेल, आणि तो गेमलाच पुरा पडत नसतो. बायॉसमध्ये इंटेलचं अंगचं ग्राफिक्स चालू ठेवता आलं तर क्विक सिंक या त्यातल्या एन्कोडरने काम भागतं, पण बरेच ऑफिस पीसी कार्ड लावलं की ते आपोआप बंद करतात. १६५०चा एन्कोडर थोडा जुन्या पिढीचा आहे, तरी एच.२६४ या नेहमीच्या व्हिडिओ प्रकारात आरामात रेकॉर्ड करतो.

मग ६४०० कुणी घ्यावं? ज्याच्या कॅबिनेटमध्ये दुसरं काही बसतच नाही त्याने. ते ५३ वॅटचं आहे, एकाच स्लॉटच्या जाडीत आणि लो प्रोफाइलमध्ये (कमी उंचीत) मिळतं. १६५० लो प्रोफाइलमध्ये येतं खरं, पण सहसा दोन स्लॉट खातं. त्यामुळे आधी झाकण उघडा आणि लांब स्लॉटच्या शेजारी काय आहे ते बघा. तिथे एसएमपीएसची भिंत चिकटून असेल तर निवड आपोआप झाली. ६४०० घ्या, टेक्श्चर ‘मीडियम’वर ठेवा आणि त्यात कमीपणा मानू नका.

१६५० घेताना फोटोत कार्डाची वरची कड नीट बघा. मूळ कार्ड ७५ वॅटचं, म्हणजे स्लॉटमधून मिळते तेवढीच वीज त्याला पुरते, पण काही मॉडेल्सना ६ पिनचा सॉकेट असतो आणि तो रिकामा ठेवून ती चालत नाहीत. त्यातही जीडीडीआर६वालं मिळालं तर तेच घ्या, त्याची बँडविड्थ १९२ जीबी आहे. मॉनिटर जुना व्हीजीएवाला असेल तर दोन्ही कार्डांना सिग्नल बदलणारा ॲक्टिव्ह अडॅप्टर लागेल.

कार्डाआधी मात्र ८ जीबीची दुसरी पट्टी टाका. कार्डात न मावलेला डेटा जातो तो याच रॅममध्ये, आणि तुमच्याकडे ती आत्ताच कमी आहे.

कार्ड बसवल्यावर जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून ‘बस इंटरफेस’ची ओळ बघा. कार्डाला काम नसताना तिथे पीसीआयईची पिढी १.१ दिसेल, घाबरू नका. शेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून रेंडर टेस्ट चालवा, म्हणजे ३.० दिसेल. १६५०च्या लेन सोळाऐवजी कमी दिसल्या तर कार्ड काढून पुन्हा नीट दाबून बसवा. माझ्याकडे पहिल्यांदा आठच दिसत होत्या, कारण कार्ड एका टोकाला किंचित उचललेलं राहिलं होतं.