जाहिरातीत 3 लाख 85 हजार, टेबलावर पावणेपाच लाख

प्रश्न : ताई, 2018ची स्विफ्ट 3 लाख 85 हजारांना, अशी जाहिरात बघून बाबांना घेऊन कऱ्हाडहून पुण्याला गेले. गाडी पसंत पडली, 10 हजार टोकन दिलं. मग त्या माणसाने एका चिठ्ठीवर आकडे मांडले : जीएसटी 69,300, ट्रान्सफर 15,000, फाइल चार्ज 7,500. एकूण 4,76,800. आम्ही नको म्हटलं, तर टोकन परत मिळत नाही म्हणतात. बाबा म्हणतात, जाऊ दे. काय करू?

उत्तर : जाऊ देऊ नका. आणि ती चिठ्ठी जपून ठेवा, तुमच्या हातातला सगळ्यात मोठा पुरावा तोच आहे.

69,300 म्हणजे 3 लाख 85 हजारांचे बरोबर 18 टक्के. इथेच लबाडी आहे. जुनी गाडी विकत घेऊन पुढे विकणाऱ्या व्यावसायिकाला जीएसटी साधारणपणे लागतो तो त्याच्या नफ्यावर, म्हणजे घेतलेल्या आणि विकलेल्या किमतीतल्या फरकावर. समजा, त्याने गाडी 3 लाख 40 हजारांना घेतली असेल, तर फरक 45 हजार आणि कर 8,100. तुमच्याकडून पूर्ण किमतीवर कर घेण्याचं काही कारण नाही. ट्रान्सफरचंही तसंच. गाडीवर कर्जाचा बोजा नसेल, तर आरटीओची फी काही शेकड्यांत असते. बाकी सगळी एजंटची मेहनत, तिचा भाव आधी सांगायला हवा होता. तुम्ही कर्ज काढत नसाल, तर फाइल चार्ज कसला?

माझ्या पहिल्या गाडीच्या वेळी मीही अशाच टेबलासमोर बसले होते. पर्समध्ये मोजून आणलेले पैसे, समोर चहा, आणि ‘अजून काही द्यायचं आहे का?’ एवढं विचारायचा संकोच. त्या संकोचावरच हा धंदा चालतो, म्हणून तुमचं पत्र वाचून जीव तुटला.

आता आजच जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढा, तारीख दिसू द्या. टोकन कसं दिलं? यूपीआयने दिलं असेल तर नोंद आहेच. मग व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा मेलवर शांतपणे लिहा : जाहिरातीतली किंमत आणि सांगितलेली किंमत यांत 91,800 रुपयांचा फरक आहे, तो टोकन घेण्याआधी सांगितला नाही, सात दिवसांत 10 हजार परत करावेत. फोनवर भांडू नका, फोनचा कागद होत नाही.

नाही दिले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्याच आहे. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही आणि वकील लागतोच असं नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, म्हणजे पुण्याला खेटे नकोत, साताऱ्यातच करा.

पुढची गाडी बघायला जाल, तेव्हा घरातून निघण्याआधी एकच मेसेज पाठवा : ‘आरसी माझ्या नावावर होईपर्यंत एकूण किती, लिहून द्या.’ उत्तर आलं नाही, तर एसटीचं तिकीट वाचलं. बाबांनाही हे पत्र वाचून दाखवा.